तिसरा माणूस

लॉस एंजेलिसच्या आय-१० फ्रीवेवरून आम्ही तिघं एका गाडीतून डाउनटाउनला ऑफिसला जातो. गाडीत तीन माणसं असली की डावीकडची एक्सप्रेस लेन फुकट. गर्दीच्या वेळी दोघंच असलात तर टोल. परवा आमच्यातला तिसरा आजारी पडला.

"अरे, ट्रान्सपाँडरचं बटण तीनवर ठेव ना, मागच्या सीटवर बॅग आहेच की!" मित्र म्हणाला.

मी बटण दोनवर सरकवलं आणि मुकाट्याने टोल भरला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. तीनच का? दोन का नाही? वीकेंडला शोधत बसलो, तर या 'तीन'मागे चांगला पन्नास वर्षांचा इतिहास निघाला!

सुरुवात बसपासून झाली. १९७३ मध्ये एल माँटेहून डाउनटाउनकडे फक्त बससाठी सुमारे ११ मैलांची वेगळी वाट सुरू झाली. १९७४ मध्ये बसवाल्यांचा संप झाला, तेव्हा तीन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांना तिथे तात्पुरतं सोडलं. १९७६ मध्ये ती परवानगी कायमची झाली. यात कोणाचं काही हिरावलं गेलं नव्हतं, वाट नवीनच बांधलेली होती.

त्याच वर्षी, त्याच शहरात, सांता मोनिका फ्रीवेवर काय झालं बघा. १५ मार्च १९७६ ला कॅलट्रान्सने, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याने, चालू लेनपैकीच एक लेन बस आणि तिघांच्या गाड्यांसाठी राखून ठेवली. रस्त्यावर हिऱ्याची खूण, म्हणून नाव 'डायमंड लेन'. बाकीच्या लेन तुंबल्या, अपघात वाढले, आणि शेजारची लेन मात्र रिकामी दिसायची. लोक असे खवळले की विचारू नका. २१ आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, फेडरल न्यायाधीश मॅथ्यू बर्न यांनी पर्यावरण अहवाल केलेला नाही या कारणावरून प्रयोग थांबवला. खातं त्यातून शिकलं: असलेली लेन काढून घ्यायची नाही, नवी बांधायची.

आता 'दोन का नाही?' गंमत म्हणजे, ते करून पाहिलेलं आहे. लेन रिकामी दिसते अशी ओरड होतीच. म्हणून राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १ जानेवारी २००० पासून एल माँटेच्या लेनवर दोघांच्या गाड्याही आल्या. सकाळच्या गर्दीत तासाला १,१०० गाड्या जायच्या, त्या १,६०० झाल्या. वा! पण माणसं? ५,९०० वरून ५,२०० वर आली! वेग ताशी ६५ मैलांवरून २० वर. बसला २०-३० मिनिटं उशीर होऊ लागला. बरं, शेजारच्या साध्या लेनना तरी फायदा? तोही नाही. जुलैमध्ये घाईघाईने दुसरा कायदा करून गर्दीच्या वेळी पुन्हा 'तीन' केलं.

आपल्या धंद्यात म्हणतात तसं, चुकीची गोष्ट मोजली की चुकीचीच गोष्ट सुधारते. त्यांनी गाड्या मोजल्या, मोजायची होती माणसं. रिकामी दिसणारी लेनच जास्त माणसं नेत होती, कारण त्यातली बरीच बसमध्ये बसलेली होती.

पुढे फेडरल कायद्यातही कसोटी आली: टोलवाल्यांना किंवा स्टिकरवाल्या इलेक्ट्रिक गाड्यांना आत घ्या, पण ताशी ४५ मैलांचा वेग गर्दीच्या ९० टक्के वेळी टिकला पाहिजे. स्टिकरची ती सवलत सप्टेंबर २०२५ अखेर संपली. एल माँटेची लेन २०१३ पासून एक्सप्रेस लेन झाली आहे. एकटा असलात तरी टोल भरून जाता येतं, आणि गर्दी वाढली की टोलही वाढतो. पैसेवाल्यांची सोय? थोडीफार आहेच, ते मलाही खटकतं.

पण बॅगेला माणूस म्हणणं त्याहून वाईट. कारण लेन भरली की आधी अडकते ती बस, आणि बसमधल्या अनेकांकडे दुसरी सोयच नसते.

असो. सोमवारी तिसरा परत आला. बटण तीनवर!