सुट्या भागांचा कॉम्प्युटर

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो दोन पोत्यांतून. साल २००१, दिवाळीच्या आधीचे दिवस. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मी मिरजेला उतरलो तेव्हा एका पोत्यात मॉनिटरचं खोकं होतं, वरून आईची गोधडी गुंडाळलेली. दुसऱ्या पोत्यात पत्र्याचा रिकामा डबा, म्हणजे कॅबिनेट. बाकी सगळं खांद्यावरच्या पिशवीत. तासगावच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय रं, टीव्ही का?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्यानं पोत्याकडं परत एकदा बघितलं आणि लगेजचं तिकीट फाडलं.

त्या दोन पोत्यांत आमची म्हैस होती. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून आठ-नऊ लिटर देणारी. ती पंधरा हजाराला गेली. वरचे दहा हजार आबांनी तांब्याच्या तारेसाठी बाजूला ठेवलेले. आबांचं गावात मोटारी भरायचं दुकान होतं. आमच्याकडं सगळ्या द्राक्षबागा. बागेला पाणी विहिरीचं नाहीतर बोअरचं, आणि दाब कमी झाला की मोटार जळणार हे ठरलेलं. जळकी मोटार आली की आबा जुनी कॉइल तोडून काढायचे, वेढे मोजायचे, नवी तार भरायची, व्हार्निश द्यायचं. शिक्षण चौथी. पण मोटारीच्या आवाजावरून दुखणं सांगायचे.

मी सांगलीला बी.एस्सी. करून घरी बसलो होतो. नोकरी नव्हती. गावात लग्नपत्रिका छापायची तरी तासगाव गाठावं लागे. आपण कॉम्प्युटर घ्यावा, टायपिंगची कामं घ्यावीत, पोरांना शिकवावं असं डोक्यात होतं. मोठ्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात जात होता. सुटे भाग आणून जोडला तर पंचवीस. आबांनी एकच विचारलं, "तुला जोडाय येतोय का?" मी म्हटलं, "येतोय की. कॉलेजात जोडलाय." ते खोटं होतं. कॉलेजात एकदा एक मास्तर कॅबिनेट उघडून दाखवत होते, तेव्हा तिसऱ्या रांगेतून मान उंच करून बघितलं होतं, तेवढंच.

ही सुटे भाग आणून जोडायची रीत आली कुठनं, ते मला पुढं वाचून कळलं. अमेरिकेत १९७५ साली अल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर निघाला. सुमारे ४०० डॉलरला सुट्या भागांचा संच घरी यायचा, डाग देऊन आपणच जोडायचा. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. समोर नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पीसी काढला तो घाईनं. प्रोसेसर इंटेलचा घेतला, चालवायची प्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि आतली रचनाही छापून जाहीर केली. मग दुसऱ्यांनी तसलीच यंत्रं बनवायला सुरुवात केली. कॉम्पॅक ही त्यातली पहिल्या काहींपैकी एक कंपनी. पुढं तर कुठल्याही कारखान्याचा बोर्ड कुठल्याही डब्यात बसू लागला. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं, त्यात बोर्डावरची स्क्रूची भोकंसुद्धा कुठं असावीत हे नेमून दिलं. आपल्याकडं १९९१ नंतर आयात मोकळी होत गेली. १९९७ साली असल्या मालावरची जकात टप्प्याटप्प्यानं काढून टाकायच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला. तैवानात बनलेला बोर्ड माझ्यासारख्याच्या पिशवीत येऊन पडला त्यामागं एवढं सगळं होतं.

हे भाग मिळायचं ठिकाण म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सगळे म्हणणार लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनाला उतरायचं आणि चालत जायचं. गाळ्याला गाळा लागून, जिन्याखालीसुद्धा दुकान. प्रत्येकाकडं दरपत्रक. रॅमचा भाव द्राक्षासारखा, सकाळी एक, संध्याकाळी एक. मी दिवसभर फिरून सेलेरॉन प्रोसेसर, बोर्ड, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्डडिस्क, सीडी आणि फ्लॉपी ड्राइव्ह घेतले. दुकानदार म्हणाला, "जोडून देतो, पाचशे रुपये." मी नको म्हटलं. पाचशे वाचवायचे होते हे खरं, पण आपल्या हातानं जोडायचा होता हे जास्त खरं.

रात्री लालबागला मामांच्या खोलीवर थांबलो. मामा गिरणीत होते. १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच; त्यानंतर रखवालदारी केली. त्यांनी बोर्ड हातात घेऊन दिव्याखाली उलटसुलट बघितला. म्हणाले, "गिरणीत मशीन उघडायचं काम फिटरचं. आम्ही जल्मभर चालवली, पण आत काय हाय ते कवा बघितलं न्हाई. तू उघडतुयास, तर नीट बघून उघड."

घरी आल्यावर रात्री सोप्यात पांढरं धोतर अंथरलं. आई, आबा, शेजारची चार पोरं भोवती. प्रोसेसरखाली ३७० बारीक पिना. बोर्डावरच्या खाचेची दांडी वर करायची, पिनांचा कोपरा जुळवायचा आणि नुसता सोडायचा. जोर लावला की पीन वाकली आणि पैसे गेले. तो बसला. त्यावर पंखा बसला. रॅम दोन्ही बाजूंनी दाबली तशी कट्‌कन लागली. हार्डडिस्कची रुंद पट्टी लावताना लाल कड एक नंबरच्या पिनेकडं घ्यायची हे लक्षात होतं. बोर्ड पत्र्यावर ठेवून स्क्रू पिळले. सगळं झाल्यावर एका पुडीत नऊ पितळी तुकडे उरले, षटकोनी, करंगळीच्या नखाएवढे.

आबांनी विचारलं, "ही बोंडं कशाची?"

"जादा दिली असतील."

आबा काही बोलले नाहीत. सायकलीचं दुकान असो की मोटारीचं, काम संपल्यावर भाग उरला तर कारागिराला झोप लागत नाही. पण मी पदवीधर.

बटण दाबलं. पंख्यानं एक हिसका दिला आणि थांबला. परत दाबलं. परत तोच हिसका. मग तेही नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आई उठून आत गेली. बाहेर गोठ्यात रिकामा खुंटा, आणि माझ्यापुढं पंचवीस हजारांचा पत्रा. मला दरदरून घाम फुटला. पोरं गेल्यावर मी आबांना सांगून टाकलं, "आबा, मी खोटं बोललो. मी कधी जोडला नव्हता."

आबांनी बिडी पेटवली. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "ते मला तवाच कळलं हुतं. ज्यानं मोटार भरलीय त्यो पैलं आपुन काय काय जाळलं ते सांगतो. तू काय जाळलेलं सांगितलंच न्हाईस."

मग त्यांनी चष्मा लावला. "मोटार हिसका दिऊन थांबली तर आम्ही काय बघतो?"

"बॉडी."

"मग बघ की. ही पाटी मागनं कशी हाय? समद्या डागांचीच हाय न्हवं? ती पत्र्याला टेकली तर काय हुईल?"

मी स्क्रू काढले. बोर्डाची मागची बाजू सगळी सोल्डरच्या डागांनी भरलेली, आणि ती आम्ही थेट लोखंडी पत्र्यावर आवळली होती. म्हणजे बॉडी शॉर्ट. सप्लायनं धोका ओळखून स्वतःला बंद करून घेतलं, म्हणून हिसका. आणि ती पितळी बोंडं म्हणजे बोर्डाचे पाय. आधी ती पत्र्यात पिळायची, त्यांच्यावर बोर्ड अधांतरी ठेवायचा. नऊच्या नऊ बसली. रात्री साडेबाराला परत बटण दाबलं. पंखा फिरला, एकदाच बारीक बीप झालं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आबांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "हार्डडिस्क सापडली म्हणतंय." आत जाग्या असलेल्या आईचा आवाज आला, "आता जेवा."

दुसऱ्या दिवशी कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. घराला अर्थिंग नव्हती. गावात कुणाच्याच नव्हती. असल्या सप्लायमध्ये थोडी वीज अर्थिंगकडं जायची सोय केलेली असते. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर येऊन बसते. आबांनी न्हाणीजवळ खड्डा काढला, पत्र्याची प्लेट पुरली, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर भरलं आणि तार आत आणली. मुंग्या थांबल्या. दाबासाठी स्टॅबिलायझर आबांनीच भरला. आमच्या गावातली पहिली घरगुती अर्थिंग अशी कॉम्प्युटरसाठी झाली.

पुढची चार-पाच वर्षं त्या यंत्रावर घर चाललं. श्रीलिपीतून लग्नपत्रिका, सोसायटीचे ताळेबंद, द्राक्षाच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या. त्याच २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, मग एमएस-सीआयटीची लाट आली आणि गावोगावी क्लास निघाले. त्या क्लासांतले बरेच कॉम्प्युटर असेच सुट्या भागांचे. वारणेच्या खोऱ्यात ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचा सरकारी प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला होता, त्याच्या बातम्या आम्ही वाचायचो. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला, तोही बाहेरून मोठं यंत्र मिळेना म्हणून, लहान लहान प्रोसेसर एकत्र जोडून. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्याकडं मोठं यंत्र परवडत नाही किंवा कुणी देत नाही, तेव्हाच आपण ते उघडून बघतो.

त्याच काळात जगभर बोर्डावरचे कपॅसिटर फुगून फुटायची साथ आली. आमच्या भागातल्या क्लासांचे बोर्डही जायला लागले. सांगलीचे लोक म्हणायचे, नवा घ्या. आबांनी बघितलं आणि हसले. मोटारीच्या कपॅसिटरचं दुखणं त्यांना पाठ होतं. फुगलेला काढायचा, तेवढ्याच मापाचा बसवायचा, उलटी बाजू होऊ द्यायची नाही. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता त्यांनी कितीतरी बोर्ड जिवंत केले. दुकानाच्या पाटीवर मी खाली एक ओळ वाढवली, 'कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळेल'. ते म्हणाले, "पुस. लोक हसतील." पुसली नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात घरात परत म्हैस आली. आईनं तिला त्याच खुंट्याला बांधलं.

आता आबा नाहीत. माझ्या मुलाला लॅपटॉप घेतला. तो बंद पडला तर रॅमसुद्धा बोर्डालाच डागलेली, बदलता येत नाही. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. मुलगा म्हणतो, उघडूच नका. मी तरी स्क्रू काढून बघतो. बहुतेक वेळा काही जमत नाही, पण काय गेलंय ते कळतं.

न्हाणीजवळचा तो खड्डा अजून आहे. अर्थिंगची माती वाळली की ती काम देत नाही, म्हणून आबा उन्हाळ्यात रोज त्यात पाणी घालायचे. आता आई घालते, तुळशीला घातल्यावर उरलेला तांब्या.