एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहार आणि आश्रयाबाहेरचे ग्रंथकार

प्रास्ताविक

मराठी मुद्रणाचा इतिहास आणि मराठी प्रकाशनाचा इतिहास हे दोन स्वतंत्र विषय आहेत, ही जाणीव आपल्या वाङ्मयेतिहासांत फारशी ठेवली गेलेली नाही. पुस्तक छापले गेले म्हणजे ते प्रकाशित झाले असे गृहीत धरून ग्रंथांच्या याद्या केल्या जातात आणि यादीतील प्रत्येक ग्रंथ वाचकापर्यंत सारख्याच वाटेने गेला असावा, असा समज नकळत निर्माण होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. १८५० ते १८९० या काळात छपाईचे पैसे मोजू शकणाऱ्याला छापखाना उपलब्ध होता. परंतु हस्तलिखित पारखून घेणारा, स्वतःचे भांडवल घालणारा, गावोगावी प्रती पोचवणारा आणि पहिली आवृत्ती संपल्यावर दुसरीची काळजी वाहणारा व्यावसायिक प्रकाशक क्वचितच आढळत असे. ही उणीव सर्वच ग्रंथकारांना भासत होती. ज्यांच्या पाठीशी शिक्षणखाते, दक्षिणा फंड किंवा पुण्या-मुंबईतील सुशिक्षितांचे वर्तुळ होते, त्यांना ती निभावून नेता आली. ज्यांच्या पाठीशी यांपैकी काहीच नव्हते, त्यांचे ग्रंथ छापले जाऊनही दीर्घकाळ दृष्टीआड राहिले. जोतीराव फुले आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ग्रंथांची वाटचाल या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

आश्रयाची व्यवस्था

मुंबईत मराठी मुद्रणाचा पाया अमेरिकन मिशनच्या छापखान्याने घातला. त्याच छापखान्याच्या कामाचे निरीक्षण करून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढले. मराठी मुद्रणाच्या अर्थकारणाची दिशा या एका घटनेत स्पष्ट होते. पंचांग दरवर्षी जुने होते, दरवर्षी नवे लागते आणि साक्षर-निरक्षर अशा दोन्ही घरांत त्याचे काम पडते. पंचांगे, पोथ्या, स्तोत्रे, आरत्या यांच्या खपावर छापखाने चालले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याची (स्थापना १८६९) घडणही अशीच झाली. जावजींनी आधी टाइप पाडण्याचा कारखाना काढला, मग पंचांग छापले आणि संस्कृत ग्रंथांची ख्यातनाम काव्यमाला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८८६ पासून सुरू केली. नव्या मराठी लेखकाचे स्वतंत्र पुस्तक हा या व्यवसायाचा कणा कधीच नव्हता. ते पुस्तक छापखान्यात येई ते बाहेरचे काम म्हणून. कागदाचे आणि छपाईचे पैसे लेखक देत असे, आणि छापलेले गठ्ठेही लेखकाच्याच घरी जात असत.

अशा परिस्थितीत लेखकाला तीन आधार होते. पहिला आधार शिक्षणखात्याचा. शाळांसाठी नेमलेल्या पुस्तकांची छपाई व विक्री सरकारी खर्चाने होई आणि गव्हर्न्मेंट सेंट्रल बुक डेपोमार्फत ती पुस्तके जिल्ह्याजिल्ह्यांत पोचत. परशुराम बल्लाळ गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (१८५४) या काव्यसंग्रहाला जी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख लाभली, तिच्यामागे निवडीच्या गुणाबरोबरच ही यंत्रणाही होती. दुसरा आधार वर्गणीदारांचा. ग्रंथ छापण्यापूर्वीच आश्रयदाते गोळा करायचे आणि त्यांची नावे पुस्तकाच्या शेवटी छापायची, अशी रीत होती. या याद्या आज कोणी वाचत नाही, पण ग्रंथ कोणत्या वर्तुळात फिरला याचा तो उत्तम पुरावा होय. मामलेदार, शिरस्तेदार, वकील, मास्तर आणि एखादा संस्थानिक यांच्या ओळखी नसतील, तर अशी यादी भरणे कठीण होते.

तिसरा आधार दक्षिणेचा. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना मिळणारी दक्षिणा इंग्रजी अमलात बदललेल्या स्वरूपात चालू राहिली. तिचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ निर्माण करण्यासाठी खर्च व्हावा, असा अर्ज १८४९ साली गोपाळ हरी देशमुख यांच्यासह पुण्यातील सुधारणावादी मंडळींनी सरकारला केला आणि त्यातून १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. कमिटी ग्रंथ मागवी, तपासून घेई आणि पसंतीस उतरल्यास बक्षीस देई. थोडक्यात, पुढच्या काळात प्रकाशकाने करावयाची निवड ही कमिटी करीत होती. एक फरक मात्र मोठा होता. नफा-तोटा पाहणाऱ्या प्रकाशकाने हस्तलिखित नाकारले, तर दुसऱ्याचे दार ठोठावता येते. कमिटीला दुसरे दार नव्हते.

‘तृतीय रत्न’ आणि स्वखर्चाचे मुद्रण

१८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. हा वृत्तान्त एका पक्षाचा आहे, हे खरे. परंतु नाटकाचा विषय ध्यानात घेता तो अविश्वसनीय वाटत नाही. अज्ञानी कुणबी दांपत्याला जोशी ग्रहदशेच्या नावाखाली कसा लुबाडतो, हे दाखविणाऱ्या नाटकाला दक्षिणेच्या पैशातून बक्षीस मिळावे, ही अपेक्षाच मुळात धाडसाची होती. येथे महत्त्वाची गोष्ट ही की या एका नकारानंतर नाटक छापण्याची दुसरी सोय जोतीरावांना तेव्हा सापडली नाही. ते हस्तलिखित स्वरूपातच राहिले आणि १९७९ साली ‘पुरोगामी सत्यशोधक’मधून प्रथम छापले गेले. लेखन आणि मुद्रण यांत चोवीस वर्षे कमी सव्वाशे वर्षे म्हणजे एकशे एक नव्हे, तर पूर्ण एकशे चोवीस वर्षांचे अंतर पडले.

१८६९ साली मात्र त्यांचा शिवाजीराजांवरील पोवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ ही दोन्ही पुस्तके बाहेर पडली. मधल्या काळात ग्रंथव्यवहार बदलला नव्हता. जोतीरावांची ऐपत वाढली होती. ते कंत्राटदारीच्या व्यवसायात होते आणि स्वखर्चाने पुस्तक छापू शकत होते. ‘गुलामगिरी’ पुण्याच्या पूना सिटी प्रेसमध्ये छापली गेली. आधुनिक महाराष्ट्रातील सामाजिक विचाराचा हा मूलग्रंथ कंत्राटाच्या मिळकतीवर उभा राहिला, ही बाब चरित्रकारांनी सहज नोंदवून सोडली आहे. ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात तिला अधिक जागा मिळावयास हवी.

स्वखर्चाच्या मुद्रणाची मर्यादा ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या वेळी पुन्हा उघड झाली. हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढील प्रकरणे छापण्याचे थांबविले. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचेच पत्र. कृष्णराव भालेकर यांनी ते १८७७ साली पुण्यात काढले होते, आर्थिक ओढगस्तीत ते बंद पडले आणि १८८० साली लोखंडे यांनी मुंबईतून पुन्हा सुरू केले. सरकारी नोकरशाहीवर आणि सरकारवरही कठोर टीका करणारा मजकूर छापताना अशा पत्राच्या चालकाला भीती वाटली असेल, तर ती समजण्यासारखी आहे. जोतीरावांनी ती समजून घेतली नाही. छापणाऱ्याच्या भित्रेपणावर त्यांनी कडक शब्दांत बोट ठेवले. मात्र ग्रंथ अडून राहिला नाही. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्याचे भाग लोकांना वाचून दाखविले. सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. ज्या शेतकऱ्यासाठी ग्रंथ लिहिला त्याला वाचता येत नव्हते, हे लक्षात घेता या जाहीर वाचनाला प्रकाशनच म्हटले पाहिजे. कीर्तन-पुराणाच्या श्रोत्यांना ही पद्धत परकी नव्हती. मात्र वाचून दाखविणारा गेला की असे प्रकाशनही थांबते.

बुलढाण्याहून पुण्यास

जोतीराव निदान पुण्यात राहत होते. ताराबाई शिंदे वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होते, पण ते मुंबई इलाख्याचा भाग नव्हते. मराठी ग्रंथव्यवहाराची केंद्रे तेथून दूर होती. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांनी स्वतः १८७१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. घरात छापील पुस्तकाचा व्यवहार परिचयाचा होता, ही गोष्ट ताराबाईंच्या बाबतीत निर्णायक ठरली असावी.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आगपाखड झाली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तिच्या पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. दूरच्या गिऱ्हाइकाला पुस्तक पाठवून टपालखात्यामार्फत पैसे वसूल करण्याची व्ही. पी. पद्धत १८७७ साली सुरू झाली होती, त्यामुळे गावोगावच्या वाचकाला पुस्तक मागवणे अशक्य नव्हते. पण पुस्तक आहे हे त्याला कळावे कसे? त्यासाठी नियतकालिकातील अभिप्राय हवा. तो ताराबाईंना मिळाला तो उपहासाच्या रूपाने. तोही बहुजनांची बाजू घेणाऱ्या पत्रांकडून. १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’मधून त्यांचा कैवार घेतला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे या पुस्तकाचा मागमूस वाङ्मयचर्चेत दिसत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही पाहिले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हेही सरकारी आश्रयाचे लेखक नव्हते. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केली आणि पुढे नोकरीही सोडली. परंतु त्यांनी काही वर्षांतच सहकाऱ्यांसह चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि किताबखाना अशी साखळी उभी केली. लेखन, मुद्रण आणि विक्री ही तिन्ही कामे एकाच वर्तुळात आली. याच ‘निबंधमाले’तून जोतीरावांच्या पुस्तकांची खिल्ली उडविली गेली. तेव्हा सरकारचा आश्रय हाच एकमेव मार्ग होता, असे म्हणता येत नाही. पैसे देऊन मासिक घेणारा, शहरात राहणारा, शिकलेला वाचक ज्याच्या हाताशी होता, त्याला सरकारवाचून चालत होते.

ग्रंथकार सभेचे निमंत्रण

या व्यवहारातील अडचणींची चर्चा व्हावी म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली दुसरी भरली, तेव्हा जोतीरावांना निमंत्रण गेले. त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. आज साहित्य संमेलनांच्या इतिहासात हे पत्र उद्धृत होते ते वैचारिक मतभेदाचा दस्तऐवज म्हणून, आणि ते योग्यच आहे: मानवी हक्क मान्य न करणाऱ्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय आहे. परंतु सभेचा मूळ हेतू लक्षात घेतला, तर त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. ग्रंथांना उत्तेजन मिळावे, वाचकांनी पुस्तके विकत घ्यावीत, ही सभेची चिंता होती. तीस वर्षांपूर्वी उत्तेजनाच्या दारावरून परत आलेल्या, आणि दोनच वर्षांपूर्वी स्वतःच्या चळवळीच्या पत्रानेही ज्याचा ग्रंथ अर्ध्यावर सोडला, अशा लेखकाला त्या चिंतेत सामील होण्याचे कारण उरले नव्हते. रानड्यांच्या सद्‌हेतूबद्दल शंका घेण्याचे प्रयोजन नाही. १८९४ साली मराठी ग्रंथोत्तेजक संस्था स्थापन झाली तीही त्यांच्याच प्रयत्नांतून. पण बक्षीस देऊन ग्रंथ घडविण्याची तिची रीत दक्षिणा कमिटीच्याच परंपरेतील होती.

पुनर्मुद्रण

जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली निघाला. त्यांचे समग्र वाङ्मय एकत्र छापले गेले ते १९६९ साली. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी ते संपादिले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने, म्हणजे पुन्हा सरकारी खर्चाने, प्रकाशित केले. याच मालशे यांनी १९७५ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ नव्याने संपादून प्रसिद्ध केली. आपला हा पहिलाच प्रयत्न असल्याचे ताराबाईंनी प्रस्तावनेत म्हटले होते. त्यांचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही.