तारखेचा करार : एकमेकांवर विसंबलेल्या सॉफ्टवेअरच्या प्रकाशनाचा इतिहास

२१ डिसेंबर २००५ या दिवशी एक्स.ऑर्ग फाउंडेशनने एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या एकदम प्रकाशित केल्या. एक होती एक्स११आर६.९ आणि दुसरी एक्स११आर७.०. दोन्हींतला कोड एकच होता, फरक होता तो मांडणीचा. पहिली आवृत्ती म्हणजे एकच अवाढव्य वाडा. दुसरीत त्याच वाड्याच्या शंभराहून अधिक स्वतंत्र खोल्या केलेल्या होत्या आणि प्रत्येक खोलीला वेगळे दार, वेगळे कुलूप आणि वेगळा आवृत्तिक्रमांक होता.

ग्रंथांच्या आवृत्त्यांचा इतिहास जुळवताना मी या विषयाकडे वळलो. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण ग्रंथाच्या आवृत्त्या लावण्याची सवय असलेल्या माणसाला प्रकाशनपत्रे आणि बदलनोंदी वाचणे अवघड जात नाही. दोन्हीकडे प्रश्न सारखेच असतात : कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, काय बदलले आणि त्या बदलामुळे आणखी काय बदलावे लागले? यातला शेवटचा प्रश्न या लेखाचा विषय आहे. अनेक ठिकाणी अनेकांनी लिहिलेला, एकमेकांवर विसंबलेला कोड वाचकाच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या, हाती एकत्र कसा पोचतो?

एक्स ही युनिक्स आणि लिनक्स संगणकांच्या पडद्यावर खिडक्या काढणारी व्यवस्था. ती १९८४ साली एमआयटीमध्ये, ‘प्रोजेक्ट अथेना’च्या काळात जन्मली. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस ही तिच्या उभारणीतली महत्त्वाची नावे. अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि तो ‘अकरा’ आजही तिच्या नावाला चिकटून आहे. पुढची अनेक वर्षे तिचा सगळा कोड एकाच झाडावर वाढला. सर्व्हर, ग्राफिक कार्डांचे ड्रायव्हर, लायब्ररी, फाँट, लहानसहान उपयुक्त प्रोग्रॅम, सगळे एकत्र बांधले जाई आणि एकत्रच प्रकाशित होई. याचा फायदा उघड होता. सर्व्हरमध्ये बदल केला की ड्रायव्हरमधला बदल त्याच झाडावर, त्याच वेळी करता येई, त्यामुळे जुळवणीचा प्रश्न निर्माणच होत नसे.

तोटाही तितकाच उघड होता. एका ड्रायव्हरमधली चार ओळींची दुरुस्ती लोकांपर्यंत पोचायला संपूर्ण झाडाच्या प्रकाशनाची वाट पाहावी लागे. २००४ साली एक्सफ्री८६ या प्रकल्पाने परवान्याच्या अटी बदलल्या, त्यावरून वाद झाला आणि बहुतेक लिनक्स वितरणे एक्स.ऑर्गकडे वळली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात हे झाड तोडून त्याची वेगवेगळी मॉड्यूल करण्यात आली. २००५ च्या जोडप्रकाशनातून लोकांना ग्वाही मिळाली : घर तेच आहे, भिंती फक्त नव्या आहेत.

पण भिंती घातल्या की दारांचा प्रश्न येतो. सर्व्हर आणि ड्रायव्हर यांच्यातला अंतर्गत करार बदलला की जुना ड्रायव्हर नव्या सर्व्हरशी जुळत नाही, तो पुन्हा बांधावा लागतो. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशी जुळतो हे सांगणारी यादी कोणीतरी ठेवावी लागते. एक्सच्या मंडळींनी अधूनमधून अशा जुळलेल्या तुकड्यांची मोट बांधून ती प्रकाशित करायला सुरुवात केली. या मोटेला ते ‘कातामारी’ म्हणत. वाटेतल्या वस्तू चिकटवत मोठा होत जाणारा गोळा ढकलायचा, अशा एका जपानी व्हिडिओ गेमवरून हे नाव आले. यातली शेवटची मोट, एक्स११आर७.७, जून २०१२ मध्ये निघाली. त्यानंतर प्रत्येक मॉड्यूल आपापल्या वेळी निघू लागले.

मग जुळवणी संपली का? नाही, तिने फक्त हात बदलले. ते काम आता डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारख्या वितरणांच्या देखभालकर्त्यांकडे गेले. २०१८ साली आणखी एक बोलकी गोष्ट घडली. एक्सच्या प्रोटोकॉलची लहान लहान हेडर पॅकेजे वेगवेगळी केलेली होती, ती पुन्हा ‘एक्सऑर्गप्रोटो’ या एकाच रिपॉझिटरीत आणली गेली. मला हा या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. तुकडे किती करावेत याला निरपेक्ष उत्तर नसते. ज्या गोष्टी एकत्रच बदलतात त्या एकत्र ठेवाव्यात, हे शहाणपण तोडून पाहिल्यावरच येते.

दुसरी वाट ग्नोमची. मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी १९९७ साली सुरू केलेला हा डेस्कटॉप प्रकल्प पहिल्यापासूनच अनेक मॉड्यूलांचा होता. एक मोठे झाड करणे हा त्यांच्यापुढचा पर्याय नव्हता. जून २००२ मध्ये ग्नोम २.० आले आणि त्यानंतर या मंडळींनी एक वेगळाच करार केला. सगळ्यांनी एकाच जागी यायचे नाही, एकाच तारखेला यायचे. दर सहा महिन्यांनी, साधारण मार्च आणि सप्टेंबरमध्ये, प्रकाशन होणारच. ज्याचे काम वेळेत झाले त्याचे नवे वैशिष्ट्य आत, ज्याचे झाले नाही त्याचे पुढच्या खेपेला. गाडी कोणासाठी थांबणार नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकाला यात नवल वाटू नये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत हीच रीत आहे. लेखक, चित्रकार, जाहिरातदार, छापखाना आणि बांधणीवाला एका छताखाली नसतात, त्यांना बांधते ती तिथी. कथा उशिरा आली तर कथा राहते, दिवाळी पुढे ढकलता येत नाही.

पण नुसती तारीख पुरत नाही. ग्नोमच्या वेळापत्रकातली खरी कल्पकता तारखेच्या आधीच्या आठवड्यांत आहे. तिथे एकामागून एक गोष्टी गोठवल्या जातात. लायब्ररींचे बाह्य करार, नवी वैशिष्ट्ये, पडद्याची मांडणी, मग पडद्यावर दिसणारी वाक्ये आणि शेवटी कोडच. हा क्रम सोयीपुरता नाही. वरचा थर खालच्या थरावर उभा असतो, म्हणून खालचा आधी स्थिर व्हावा लागतो. गोठवणी मोडायची तर प्रकाशन-समितीची परवानगी लागते आणि वाक्यांच्या बाबतीत भाषांतर-समन्वयकांची संमती.

या वाक्यांच्या गोठवणीपाशी हा इतिहास मराठीच्या अंगणात येतो. पडद्यावरचे इंग्रजी वाक्य आणि त्याचे भाषांतर अशा जोड्या एका फाइलमध्ये असतात. मूळ इंग्रजी वाक्य बदलले, त्यात नुसता पूर्णविराम वाढला, तरी जुन्या भाषांतरावर ‘फझी’ अशी खूण पडते. कोणी पुन्हा तपासून ती खूण काढेपर्यंत ते भाषांतर वापरले जात नाही आणि पडद्यावर इंग्रजी वाक्य दिसते. म्हणजे प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कोणी उत्साहाने दहा वाक्ये सुधारली, तर दहा मराठी वाक्ये पुसली जातात, आणि सुधारणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. ग्नोममध्ये भाषा ‘समर्थित’ गणली जाण्यासाठी ऐंशी टक्के वाक्यांचे भाषांतर लागे. मोठ्या गटांना शेवटच्या दिवसाचा धक्का पेलता येतो. मोजक्या माणसांच्या भाषेला गोठवणीचे ते काही आठवडे हाच काय तो अवधी असतो. पुण्यातल्या रेड हॅटच्या कचेरीत भारतीय भाषांच्या भाषांतराचे जे काम झाले, ते या वेळापत्रकाच्या चौकटीत झाले.

वाक्यांच्या आधी अक्षरे येतात. तिथली साखळी आणखी लांब आहे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते. पडद्यावर काढताना तिची जागा कोणीतरी बदलावी लागते. ते काम त्या काळी पँगो नावाच्या लायब्ररीचे होते. तिच्या नावातला ‘पॅन’ ग्रीक, अर्थ ‘सर्व’, आणि ‘गो’ जपानी, अर्थ ‘भाषा’. पँगोवर जीटीके विसंबलेले, जीटीकेवर ग्नोमचे सगळे प्रोग्रॅम. मार्च २००२ मध्ये जीटीके २.० पँगोला सोबत घेऊन आले आणि जूनमध्ये त्यांच्यावर उभे राहिलेले ग्नोम २.०.

आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. हा अर्धचंद्राकृती ‘र’ मराठीत अर्थ बदलतो. तो नीट दिसायचा तर फाँटमध्ये ती आकृती हवी आणि अक्षरे जुळवणाऱ्या लायब्ररीला तिचा नियम ठाऊक हवा. दोन्ही वेगवेगळ्या रिपॉझिटरींत, वेगवेगळ्या माणसांच्या हाती. फाँट सुधारला आणि लायब्ररी जुनी राहिली, तर वाचकाच्या लेखी काहीच सुधारलेले नसते. तुकडे आपापल्या जागी बरोबर असूनही अक्षर चुकते. जुळवणीची गरज याहून सोप्या रीतीने मला सांगता येणार नाही.

तिसरी वाट डेबियनची. तिथे एक तारीख नाही आणि एक झाडही नाही, चाळणी आहे. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ विभागात येते. काही दिवस ते तिथे मुरते, त्यात नवी गंभीर चूक आढळली नाही आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाचे अवलंबित्व तुटत नसेल, तरच ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते. एखादी पायाभूत लायब्ररी बदलली की तिच्यावर उभी असलेली सगळी पॅकेजे एकदमच पुढे सरकवावी लागतात. अशा वेळी एक अडलेले पॅकेज साऱ्या रांगेला अडवते. ‘तयार होईल तेव्हा’ या बाण्याची किंमतही डेबियनने मोजली. जुलै २००२ च्या ‘वूडी’नंतर ‘सार्ज’ यायला जून २००५ उजाडले.

तारखेचा करारही निर्दोष नाही. सहा महिन्यांत मावत नाही असे काम त्यात सतत मागे पडते. ग्नोम ३.० साठी ठरलेली तारीख एकाहून अधिक वेळा पुढे गेली आणि ते एप्रिल २०११ मध्ये आले. गाडी वेळेवर सोडण्याचा नियम ज्यांनी केला त्यांनाच एकदा गाडी थांबवावी लागली, कारण या वेळी रूळच बदलायचे होते.

झाड, तारीख आणि चाळणी, या तिन्ही वाटांत जुळवणीचे श्रम नाहीसे होत नाहीत. झाडात ते प्रत्येक लेखकावर पडतात, चाळणीत देखभालकर्त्यावर, तारखेच्या करारात प्रकाशन-समितीवर. जिथे यांतले काहीच नसते, तिथे ते साखळीच्या टोकाशी असलेल्या माणसावर पडतात : एकट्याने भाषांतर करणाऱ्यावर, ‘दऱ्या’ लिहायला जाऊन भलतेच काही पाहणाऱ्यावर. म्हणून मला प्रकाशनाचे वेळापत्रक हा कोरडा तांत्रिक कागद वाटत नाही. त्यात कोणी कोणासाठी किती थांबायचे हे लिहिलेले असते. वाक्ये गोठवण्याची ती ओळ ज्यांनी पहिल्यांदा वेळापत्रकात घातली, त्यांना बहुधा मराठी येत नसावी. तरीही तिच्यामुळे मराठीला दर सहा महिन्यांनी थोडे निवांत आठवडे मिळत राहिले.