पहिल्या रिळात मरणारा बाप आणि पोरांसाठी मारणारा बाप

हिंदी सिनेमातल्या बापाला पूर्वी फारसं काम नसायचं. तो पहिल्या रिळात मरायचा आणि पुढचे अडीच तास पोरगा त्याचा सूड घ्यायचा. 'जंजीर'मध्ये (१९७३) ऐन दिवाळीत आईबाप मारले जातात. त्याच वर्षीच्या 'यादों की बारात'मध्येही तेच, फक्त पोरं तीन. 'अग्निपथ'मधले (१९९०) मांडव्याचे दीनानाथ मास्तर तर भडकवलेल्या गावकऱ्यांच्याच हातून जातात. आई उरलीच तर ती शिलाई मशीनवर बसायची, देवळात जायची, वाट बघायची. 'करण अर्जुन'मधल्या (१९९५) आईनं तर पोरांच्या पुनर्जन्माची वाट बघितली!

'शोले'तला ठाकूर अपवाद वाटेल. त्याची पोरं मारली गेलीत, सूड त्याला घ्यायचाय. पण सलीम-जावेदनी त्याचे हात काढून घेतले. भाड्यानं दोन तरुण आणल्याशिवाय या बापाचं काही चालत नाही.

आता गेल्या दहा-बारा वर्षांतली यादी बघा. 'दृश्यम' आणि 'जज़्बा' २०१५ चे. 'शिवाय' २०१६ चा. 'मॉम' आणि 'मातृ' २०१७ चे. सगळीकडे संकटात पोरगं आणि मैदानात आईबाप. म्हणजे आपल्या पडद्यावरची सूडाची दिशाच उलटली. पूर्वी पोरं आईबापाचं देणं फेडायची, आता आईबाप पोरांसाठी जीव घेतात. हे असं का झालं, यावर थोडं लिहितो. विषय सिनेमाचा वाटेल, पण तो आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत आणि पुढं एका ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत जातो. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही, हे आधी सांगतो. रायगडावरची हिरकणी आपण तिसरी-चौथीपासून ऐकतो. गडावर दूध घालायला गेलेली बाई, दिवेलागणीला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरणारी आई. ही दंतकथा आहे, दस्तऐवज नव्हे. पण तिची रचना नीट बघा. या गोष्टीत खलनायक नाही. दरवाजा बंद करणारा पहारेकरी दुष्ट नाही, तो नियम पाळतोय. आणि गोष्टीचा शेवट आई घरी पोचण्यावर होत नाही. महाराज तिला बोलावतात, विचारतात, तिचा सन्मान करतात आणि जिथून ती उतरली तिथं बुरूज बांधतात. म्हणजे राज्यानं आईचं ऐकलं आणि तटातली उणीव भरून काढली. हा शेवट लक्षात ठेवा.

पाश्चात्त्य सिनेमात हा प्रकार रुजला तो एका खऱ्या गुन्ह्याच्या सावलीत. १९२७ मध्ये एकट्यानं विमानातून अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग म्हणजे त्या काळचा अमेरिकेचा सगळ्यात मोठा हीरो. १ मार्च १९३२ च्या रात्री त्याचं वीस महिन्यांचं बाळ घरातून पळवलं गेलं. त्यानं ५० हजार डॉलरची खंडणी दिली. १२ मे रोजी बाळाचा मृतदेह सापडला. हीरो, पैसा, ओळखी, पोलीस, सगळं असून बाप हरला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेनं अपहरणाविरुद्ध नवा केंद्रीय कायदा केला, त्याला लोक 'लिंडबर्ग कायदा'च म्हणतात.

यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच' आला. त्यात पळवलेल्या मुलीची आई नेमबाज आहे. शेवटी छपरावर मुलीच्या मागं लागलेल्या गुंडावर पोलिसाला गोळी झाडायचा धीर होत नाही, तेव्हा आई बंदूक घेते आणि एका गोळीत त्याला पाडते. प्रत्यक्षात जे झालं नाही ते पडद्यानं करून दाखवलं. या सगळ्या सिनेमांची मूळ ताकद हीच आहे.

१९६३ मध्ये जपानच्या अकिरा कुरोसावांनी याच गोष्टीत एक अवघड प्रश्न घातला. 'हाय अँड लो' हे त्या सिनेमाचं इंग्रजी नाव. चपलाबुटांच्या कंपनीतल्या मोठ्या अधिकाऱ्याला फोन येतो, तुझा मुलगा आमच्या ताब्यात आहे. तो सगळी पुंजी द्यायला तयार होतो. तेवढ्यात त्याचा मुलगा समोरून चालत येतो. चुकून ड्रायव्हरचं पोरगं पळवलं गेलंय. आता? स्वतःच्या पोरासाठी सर्वस्व द्यायला निघालेला माणूस ड्रायव्हरच्या पोरासाठी देणार का? तो देतो, आणि धंद्यातून उठतो. १९६४ मध्ये जपाननं खंडणीसाठीच्या अपहरणाला वेगळं कलम करून शिक्षा कडक केली. मला वाटतं, या प्रकारात याहून मोठा सिनेमा झाला नाही. कारण 'माझं पोर' आणि 'कुणाचंही पोर' यातलं अंतर तो मोजतो.

पुढं हे अंतर मोजणं बंद झालं. १९८५ च्या 'कमांडो'त आर्नोल्ड श्वार्झनेगर मुलीसाठी अख्खं बेट साफ करतो. आणि २००८ च्या 'टेकन'नं तर साचाच पाडला. पन्नाशी ओलांडलेला, घटस्फोटित, मुलीच्या आयुष्यात नकोसा झालेला बाप. मुलगी पॅरिसला जाते, पळवली जाते, आणि कळतं की बाप एकेकाळी सीआयएचा माणूस होता. सुमारे अडीच कोटी डॉलरमध्ये काढलेल्या या सिनेमानं जगभरात २२ कोटींहून जास्त कमावले. त्यात हाणामारी भरपूर आहे, पण प्रेक्षक धरला तो दुसऱ्या गोष्टीनं. हा बाप आधी 'जाऊ नको' म्हणाला होता, घरात सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं, आणि तोच बरोबर ठरला. कुठल्या बापाला हे आवडणार नाही?

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा २.० वर आला, महाराष्ट्रात १.७ वर. ज्या घरात पाच पोरं होती तिथंही जीव तेवढाच तुटायचा, गैरसमज नको. पण त्या पोरांवर आळीतल्या दहा बायकांची नजर असायची. आज एक किंवा दोन पोरं, आजी गावाला, शेजारी दार लावून, आणि सगळी भिस्त शाळेच्या व्हॅनवाल्यावर आणि मोबाईलवर. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) तीन पोरं एकाच दिवशी हरवतात आणि नशिबानं वीस-बावीस वर्षांनी भेटतात. फाळणी बघितलेल्या पिढीला हरवणं आणि सापडणं दोन्ही ठाऊक होतं, तिनं ते नियतीवर सोडलं. आजचा बाप नियतीवर दहा मिनिटंसुद्धा सोडू शकत नाही. व्हॅन दहा मिनिटं उशिरा आली तर ग्रुपवर वीस मेसेज पडतात.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कोल्हापूरचं गावित प्रकरण आपल्या पिढीला आठवत असेल. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांनी डझनाहून जास्त लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना ढाल म्हणून वापरली, आणि त्यातल्या काहींना मारून टाकलं. त्या बातम्यांनंतर कित्येक वर्षं आया स्टँडवर पोराचा हात सोडत नव्हत्या.

पण सिनेमा एक गोष्ट लपवतो. सिनेमातला बाप पोलीस ठाण्यात जातच नाही, गेला तर तिथं बसत नाही. खरा बाप तिथंच बसलेला असतो. वीसेक वर्षं तालुक्याच्या गावी बातमीदारी करतोय, असे बाप पुष्कळ बघितलेत. शाळेच्या ग्रुप फोटोतून पोराचा चेहरा कापून आणलेला असतो. अंगात कुठला शर्ट होता विचारलं की बायकोकडे बघतो. आवाज चढवत नाही, कारण साहेब चिडले तर शोधणार नाहीत ही धास्ती. आणि त्याला उत्तर काय मिळतं? 'आधी नातेवाइकांकडे बघा, चोवीस तास थांबा.'

चोवीस तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. उलट १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास करायचा. हा आदेश वाटेत आला नाही. नोएडाजवळच्या निठारीत गरिबांची मुलं दीड-दोन वर्षं एकेक करून नाहीशी होत होती, आईबाप ठाण्यात खेटे घालत होते आणि त्यांना हाकलून दिलं जात होतं. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडं सापडली. पुढं तपासच इतका कच्चा निघाला की २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. त्या आईबापांकडे सीआयएचं ट्रेनिंग नव्हतं. त्यांच्याकडे फक्त अर्ज होता.

आणि 'दृश्यम'? त्याचा हिंदी दिग्दर्शक आपला निशिकांत कामत, 'डोंबिवली फास्ट'वाला. गोष्ट गोव्यातल्या चौथी नापास केबलवाल्याची, विजय साळगावकरची. सगळी अक्कल सिनेमे बघून आलेली. आपण सगळे त्याच्या बाजूनं उभे राहतो. पण नीट आठवा, या गोष्टीत ज्या आईचं पोर हरवलंय ती आई म्हणजे आयजी मीरा देशमुख. पोरगा गुन्हेगार होता हे खरं, पण शोधणारी आई तीच. थिएटरमध्ये आपण तिच्यासाठी हळहळत नाही, कारण वर्दी तिच्या अंगावर आहे आणि लहान पोरीला मारहाण तिच्यासमोर होते. साळगावकरवरचं आपलं प्रेम म्हणजे अर्ध्यानं व्यवस्थेवरचा अविश्वास आहे. कामतनीच पुढच्या वर्षी 'मदारी' केला. त्यात पूल कोसळून पोर गमावलेला बाप गृहमंत्र्याचा मुलगा पळवतो. इथं पोराला मारणारा कुणी गुंड नाही, टेंडर आहे. 'दृश्यम' तुफान चालला, 'मदारी' त्या मानानं कमी लोकांनी बघितला. मला यात नवल वाटत नाही. गुंडाला चेहरा असतो, टेंडरला नसतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० तान्ही बाळं गेली. त्या आयांनी कुणाचा कडा उतरायचा होता?

चेहरा हवा असतो, म्हणून आपण तो शोधतो. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरला. मोटरसायकलवरचे दोघं गल्लीतून पोर उचलतात. तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहण्याचा संदेश येतो. कुणीतरी तो शेवट कापला. फक्त पळवणं राहिलं.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठेचून मारलं. मारणाऱ्यांपैकी प्रत्येक जण स्वतःच्या मनात पोरांना वाचवणारा बाप होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. तरी १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला गेला.

सिनेमानं हे घडवलं असं म्हणणं बाष्कळपणा होईल. राईनपाड्यातल्या किती जणांनी 'टेकन' बघितला असेल? पण पटकथा एकच आहे: परका माणूस, आपलं पोर, वेळ नाही, पोलीस कामाचे नाहीत, मारा.

आणि ही पटकथा मुळातच चुकीच्या दिशेला बघते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. नातेवाईक, शेजारी, ओळखीचा दादा. 'रोज इतकी मुलं पळवली जातात' अशा आमच्याच पेपरांतल्या मथळ्यांचंही तसंच. अल्पवयीन मूल घरातून गेलं की अपहरणाचं कलम लागतं, पूर्वी ३६३, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. त्यात मार्क कमी पडले म्हणून निघून गेलेला पोरगा असतो, लग्न लावतायत म्हणून पळालेली पोरगी असते. त्या पोरीला गुंडापासून वाचवायचं नसतं. कधी कधी तिला बापापासूनच वाचवायचं असतं, आणि यावर कुणी अ‍ॅक्शन सिनेमा काढत नाही.

सिनेमे जरूर बघा, मीही बघतो. दोन तास का होईना, बाप हरत नाही हे बघून बरं वाटतं. फक्त उद्या गावात एखादं पोर हरवलं, तर त्याच्या बापासोबत ठाण्यात जाऊन बसा. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका, २०१३ चा आदेश दाखवा. १०९८ हा नंबर घरातल्या पोरांना पाठ करून द्या. आणि ग्रुपवर 'सावधान, टोळी आली आहे' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी ठाण्यात फोन करून विचारा. बुरूज बांधायचं काम राज्याचं आहे, पण उणीव कुठं आहे हे त्याला ओरडून सांगायचं काम आपलं आहे.