दामोदर खोरे : कोणाला बुडवायचे, हे कोण ठरवते?

एप्रिल महिना लागला की एक पोस्ट आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरू लागते : दामोदर, हिराकुड ही धरणे बाबासाहेबांच्या दूरदृष्टीमुळे उभी राहिली. पोस्ट खोटी नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. पण आम्हाला वाटते, धरणांची नावे मोजून आपण थांबतो आणि त्या कामातला आज सर्वात उपयोगी पडणारा भाग तसाच राहून जातो. दामोदरचा इतिहास म्हणजे पूर आणि मातीची धूप यांचा इतिहास आहे, आणि त्यात प्रत्येक वळणावर एकच प्रश्न उभा राहतो : कोणाला वाचवायचे आणि कोणाला बुडू द्यायचे?

दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते. वरचे खोरे आजच्या झारखंडात, खालचे पश्चिम बंगालमध्ये. वर उतार मोठा, खाली सगळे सपाट. वरच्या माळजमिनीला तिकडे ‘टाँड’ म्हणतात. तिथली जंगले रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि कोळसा खाणींच्या टेकूंसाठी तुटली. उघड्या पडलेल्या टाँडावरून माती वाहू लागली, ओघळी रुंदावत गेल्या. (दोष मात्र आदिवासींच्या कुऱ्हाडीला आणि शेळ्यांना दिला गेला. ही सवय आपल्याकडेही ओळखीची आहे.) ती माती खाली पात्रात साचली. म्हणजे पूर दिसायचा बर्दवानला, पण त्याची सुरुवात हजारीबागच्या माळावर होत होती.

इंग्रज सरकारने उपाय शोधला तो काठावरच. नदीच्या डाव्या बाजूला बर्दवान शहर, ग्रँड ट्रंक रोड आणि 1855 मध्ये राणीगंजपर्यंत पोचलेली रेल्वे. म्हणून डावा बांध भक्कम ठेवला. उजव्या काठाचा सुमारे 20 मैलांचा बांध मात्र 1850 च्या दशकात सरकारने स्वतः काढून टाकला, म्हणजे पुराचे पाणी तिकडे पसरावे. त्या पट्ट्यात बागदी, बाउरी अशा अस्पृश्य मानलेल्या जातींचे शेतमजूर मोठ्या संख्येने राहत. ‘यांना बुडवा’ असे कोणत्याही कागदावर लिहावे लागले नाही. ‘रेल्वे वाचवा’ एवढे लिहिले की पुरे होते. जातिव्यवस्था असलेल्या देशात तांत्रिक निर्णय असाच होतो. तो घेणाऱ्याला आपण जात पाळतो आहोत असे वाटतही नाही.

मग आला 17 जुलै 1943. महायुद्ध चालू, बंगालमध्ये दुष्काळाचे थैमान, आणि या वेळी फुटला तो बर्दवानजवळचा डावा बांध. रेल्वे तुटली, रस्ता तुटला, कलकत्त्याचा उत्तर भारताशी असलेला मुख्य मार्ग कित्येक आठवडे बंद पडला. उजव्या काठची गावे ऐंशीहून अधिक वर्षे पाणी सोसत होती. साम्राज्य खडबडून जागे झाले ते रेल्वे तुटल्यावर.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष बर्दवानचे महाराज, आणि सदस्यांत शास्त्रज्ञ मेघनाद साहा. कॉलेजच्या वसतिगृहात जातीमुळे अपमान सोसलेला हा माणूस. साहांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा दाखला दिला. तिथे 1933 पासून एकच संस्था धरणे, वीज, झाडे लावणे आणि ओघळींनी खाल्लेली शेते सावरणे अशी सगळी कामे एकत्र पाहत होती. समितीनेही तशाच प्राधिकरणाची शिफारस केली.

ही शिफारस बाबासाहेबांच्या खात्यापुढे आली, तेव्हा खरी अडचण अभियांत्रिकीची नव्हती. पूर बंगालमध्ये, धरणाच्या जागा बिहारमध्ये. बंगाल वाचावा म्हणून बिहारने आपली गावे का बुडवावीत? 3 जानेवारी 1945 च्या कलकत्ता परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेली दिशा अशी होती, की प्रकल्प निव्वळ पूर अडवण्यासाठी नको. सिंचन, वीज, जलवाहतूक सगळे त्यात हवे, म्हणजे खोऱ्यातल्या प्रत्येकाच्या पदरात काही पडेल. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला कटकला महानदीबद्दल बोलताना त्यांनी जुन्या पूरसमित्यांची विचारपद्धतच खोडून काढली. त्या समित्या पाण्याला संकट समजून ते लवकर समुद्रात कसे जाईल हे पाहत होत्या. बाबासाहेबांना ते साठवायचे होते.

टेनेसीहून आलेले अभियंते व्हुर्डुइन यांनी ऑगस्ट 1945 मध्ये आराखडा दिला : आठ धरणे, 10 लाख क्युसेकचा पूर गृहीत धरून. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. संबंधित खात्याचे मंत्री होते आपले काकासाहेब गाडगीळ. महामंडळाच्या कर्तव्यांत वीज आणि सिंचनाच्या जोडीला वनीकरण आणि मातीची धूप रोखणे हेही स्पष्ट लिहिले आहे. हा भाग आमच्या पोस्टमध्ये कधीच नसतो.

पुढे काय झाले? आठपैकी चार धरणे झाली : तिलैया 1953, कोनार 1955, मैथन 1957, पंचेत 1959. हजारीबागला मृदसंधारणाचे काम सुरू झाले, पण पैसा आणि लक्ष गेले काँक्रीटकडे आणि नंतर औष्णिक विजेकडे. टाँडावरच्या ओघळी बुजवण्याच्या कामाला फीत कापायला कोण येणार? जलाशयांत गाळ अंदाजापेक्षा वेगाने भरला. मैथन आणि पंचेतच्या वरची जमीन पूर्ण संपादित न झाल्याने पूर साठवायची जागाही पुरती वापरता आली नाही. 1978 मध्ये खालचा बंगाल पुन्हा बुडाला.

आणि वरचे लोक? 6 डिसेंबर 1959 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनीच, पंचेतचे उद्घाटन नेहरूंनी बुधनी मेझान या संथाळ कामगार मुलीच्या हातून करवून घेतले. तिचे करबोना गाव त्याच जलाशयात गेले. नेहरूंना हार घातला म्हणजे लग्न झाले, असे म्हणून समाजाने तिला वाळीत टाकले. 1962 मध्ये महामंडळातली नोकरीही गेली. ती परत मिळायला 1980 चे दशक उजाडले. बटण दाबायला हात आदिवासी मुलीचा चालला, पण योजना आखणाऱ्या टेबलावर तिच्या माणसांना खुर्ची नव्हती.

हे सगळे आम्ही आज का सांगतो? कारण आपल्या गावातली पाणलोटाची योजना म्हणजे तेच खोरे, लहान आकारात. ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व बरोबरच आहे; माती वर धरली नाही तर खाली काहीच टिकत नाही. पण बहुतेक गावांत माथ्याला असते गायरान. ज्यासाठी 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तशीच ही जमीन. तिथे समतल चर खणले जातात, चराईबंदी होते, शेळ्या विकाव्या लागतात आणि पाणी वाढते ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीला. याला पर्याय नाही, असे कोणी सांगितले तर पुरंदरमधल्या नायगावचे नाव घ्या. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटले आणि भूमिहीनांचाही हक्क मानला.

तेव्हा ग्रामसभेत पाणलोटाचा आराखडा आला की नकाशा मागा. चर कोणत्या गटात पडणार? तो गट आज कोण कसतो, कोणाची जनावरे तिथे चरतात? बंदी किती वर्षांची आणि तोवर चारा कोण देणार? वाढलेल्या पाण्यात त्या कुटुंबांचा वाटा कोणत्या ठरावात लिहिला आहे? उत्तरे तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात नोंदवून त्याची नक्कल घ्या.