पानं किती मांडायची?

गावाकडे लग्नाचं आवतण देताना ‘तुमच्याकडून किती जण येणार?’ असं कोणी विचारत नसे. आकडा आवतणातच सांगितलेला असे. ‘घरटी एक’ म्हटलं की त्या उंबऱ्यातून एक माणूस पंगतीला बसणार. ‘चूलबंद’ म्हटलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे जेवायला येणार. पाहुण्याने होकार देण्याआधीच यजमानाचा हिशेब बसलेला असे. गावात उंबरे किती आणि एकेका उंबऱ्याआड माणसं किती, हे जाणत्यांना तोंडपाठ होतं. त्यावरून गुरवाला पत्रावळी सांगायच्या आणि आचाऱ्याला शिधा काढून द्यायचा.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला. त्या गावगाड्यात निरोप पोचवण्यापासून पत्रावळी पुरवण्यापर्यंतची कामं माणसामाणसांत वाटून दिलेली होती. ही व्यवस्था सुरळीत चाले, पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. पहिल्या पंगतीला कोण बसणार, वेगळं कोणाला बसवायचं आणि पंगती उठल्यावर कोणाला वाढायचं, हे जातीने ठरलेलं असे. मोजदाद अचूक होती, म्हणून ती न्याय्य होती असं मुळीच नाही. आवतणाच्या इतिहासात ही गोष्ट विसरून चालत नाही.

एकमेकांना तोंडाने न ओळखणाऱ्या माणसांना एकत्र बोलवायची वेळ आली, तेव्हा हा तोंडपाठ हिशेब अपुरा पडला. सभा, संस्था, परिषदा ही एकोणिसाव्या शतकाची नवी चाल. 7 फेब्रुवारी 1878 रोजी ‘ज्ञानप्रकाश’मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. त्याला प्रतिसाद मिळाला आणि 11 मे 1878 रोजी पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणून जो उत्सव वाढला, त्याची ही सुरुवात.

दुसरं संमेलन 24 मे 1885 रोजी पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. शंभर-सव्वाशे मंडळी जमली आणि चाळीसहून अधिक ग्रंथकारांची पत्रं आली. न आलेल्यांचीही नोंद राहिली, म्हणून ही पत्रं महत्त्वाची आहेत. त्यांतलं एक पत्र तर त्या संमेलनापेक्षाही जास्त आठवलं जातं. ते होतं जोतीराव फुले यांचं. रानड्यांनी पाठवलेल्या निमंत्रणाला त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि नकाराची कारणंही लिहिली. जे इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपला मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ‘ज्ञानोदया’च्या 11 जून 1885च्या अंकात हे पत्र छापून आलं. मराठीतलं निमंत्रणाला दिलेलं सर्वांत मोलाचं उत्तर कोणतं, असं विचारलं तर या पत्राचंच नाव घ्यावं लागेल. ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ असे दोनच रकाने असलेल्या कागदावर ते मावलं नसतं.

याच काळात उत्तर पाठवणं स्वस्त झालं. 1 जुलै 1879 रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पाकिटाला अर्धा आणा पडे, तिथे निम्म्या खर्चात चार ओळी देशभर जाऊ लागल्या. कोपऱ्यांना हळदी-कुंकवाची बोटं लावलेलं कार्ड आलं की घरात कार्य आहे हे मजकूर वाचायच्या आधीच कळे. पुढे छापील लग्नपत्रिका आल्या आणि उघड्या पाकिटातून बुक पोस्टाने कमी दरात जाऊ लागल्या. ‘अगत्य येण्याचे करावे’, ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही वाक्यं त्यांच्यावर कायमची जाऊन बसली. आग्रह भरपूर, पण उत्तराची मागणी मात्र कुठेच नाही. ‘येणार का ते कळवा’ असं लिहिणं म्हणजे पाहुण्याच्या येण्यावर शंका घेणं, अशी भावना त्यामागे होती.

उत्तर हवंच असेल, तर त्याचीही सोय पोस्टाने केली होती. तिचं नाव जोडकार्ड. दोन कार्डं एकमेकांना जोडून घडी घातलेली. एकावर मजकूर लिहायचा आणि दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ठेवायचा. समोरच्याने दुसरं कार्ड फाडून वेगळं करायचं, चार शब्द लिहायचे आणि पेटीत टाकायचं. त्याला दमडीही खर्च नाही. जुन्या मराठी मासिकांत आणि जाहिरातींत ‘उत्तरासाठी जोडकार्ड पाठवावे’ ही सूचना वारंवार भेटते. तिच्यामागचा विचार फार सभ्य आहे. ज्याला उत्तर हवं त्याने उत्तराचा खर्च आणि उत्तराची यातायात दोन्ही सोसायचं. आजच्या ऑनलाइन फॉर्मची बरी-वाईट पारख करायची असेल, तर हीच कसोटी लावावी.

तारेचा मार्ग महाग होता, तरी जबाबी तारही होती. पाठवणाराच उत्तराचे पैसे भरून ठेवी. लग्नकार्यात मात्र तार यायची ती बहुधा न येणाऱ्याची. शुभेच्छांची ठरावीक वाक्यं खात्याने क्रमांक घालून तयार ठेवली होती. क्रमांक सांगितला की वाक्य पोचे. मांडवात कोणीतरी तारा मोठ्याने वाचून दाखवी आणि त्यातून कोण आलं नाही हे सगळ्यांना कळे, अर्थात स्वयंपाक झाल्यावर. जुलै 2013मध्ये ही तारसेवा बंद झाली.

स्वयंपाकाचा अंदाज चुकणं ही एरवी घरगुती अडचण, पण टंचाईच्या काळात तो कायद्याचा प्रश्न झाला. मुंबईत 1943 साली रेशनिंग आलं. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईतही अनेक राज्यांनी अतिथी नियंत्रणाचे आदेश काढून समारंभात किती जणांना जेवू घालायचं यावर मर्यादा घातली. ज्या समाजात जास्त पानं उठणं हीच घराची प्रतिष्ठा, तिथे यादीतून नावं गाळण्याची पाळी आली.

संगणकाच्या पडद्यावरचा फॉर्म तुलनेने अलीकडचा. सुरुवातीची वेब पानं फक्त वाचायची होती. 1993च्या सुमारास वाचणाऱ्याला त्यांत काही भरून परत पाठवण्याची सोय आली. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी सिद्ध केलेल्या एचटीएमएल 2.0च्या नोव्हेंबर 1995मधल्या मानकात फॉर्मचे भाग नीट नोंदले गेले. अनेकांतून एकच निवडायचं गोल बटण, हवी तितकी निवडायची चौकोनी खूण, लांब मजकुराची पेटी. आज लग्नापासून आरोग्य शिबिरापर्यंत जे फॉर्म भरले जातात, ते मुळात याच तीन-चार सुट्या भागांचे बनलेले आहेत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं तेही त्याच वर्षी, 15 ऑगस्टला.

1998मध्ये अमेरिकेत एव्हाइट सुरू झालं आणि ई-मेलवरच्या निमंत्रणाला ‘हो’, ‘नाही’ यांच्या जोडीला ‘बघू’ हे तिसरं उत्तर मिळालं. पाहुण्याची सोय झाली आणि यजमानाचा घोर वाढला. 1999मध्ये सर्व्हेमंकी आलं, 2006मध्ये जॉटफॉर्म. पण संस्थांच्या कार्यकर्त्यांचं काम खऱ्या अर्थाने बदललं ते फेब्रुवारी 2008मध्ये. गूगलने आपल्या स्प्रेडशीटला फॉर्मची जोड दिली. कोणीही फुकट प्रश्न मांडावेत, दुवा पाठवावा, उत्तरं आपोआप ओळीखाली ओळ जमा व्हावीत. बेरीज करायला वहीही नको. पुढे 2012मध्ये टाइपफॉर्मने एका वेळी एकच प्रश्न विचारायची पद्धत रुजवली. 2016मध्ये मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स आलं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना या सोयीचा मोठा आधार मिळाला. गणेशोत्सवासाठी शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं, जेवण बाहेरून मागवायचं, म्हणजे आकडा आधीच द्यावा लागतो. म्हणून तिथल्या फॉर्मवर मोठे किती आणि मुलं किती हे वेगळं विचारतात. ‘सहकुटुंब सहपरिवार’ या दोन शब्दांत जे कधी मोजलंच जात नव्हतं, त्याला इथे दोन रकाने पडले.

महाराष्ट्रात आकड्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं ते करोनाकाळात. 2020मध्ये लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021मध्ये ती 25वर उतरली. समारंभ दोन तासांत उरकायचा आणि नियम मोडल्यास 50,000 रुपये दंड. चूलबंद आवतणाची सवय असलेल्या घरांनी तेव्हा एकेक नाव तोलून यादी केली.

आता साधन निवडायचं कसं? जोडकार्डाची कसोटी लावली की बरंच स्पष्ट होतं. उत्तर देणाऱ्याला खातं उघडावं लागू नये. गूगल फॉर्मवर फाइल जोडायला सांगितली, किंवा एका माणसाला एकच उत्तर अशी अट घातली, की भरणाऱ्याला गूगलमध्ये लॉग-इन करावं लागतं. साठीच्या पुढच्या अनेकांचं उत्तर तिथेच अडतं. फॉर्म फोनवर भरून पाहिल्याशिवाय पाठवू नये. काही साधनांच्या फुकट खात्यांवर उत्तरांची मर्यादा असते, तीही आधी पाहून ठेवावी, नाहीतर ऐन गर्दीत फॉर्म बंद पडतो. 2022च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर मतदानाची सोय आली. वीस-पंचवीस जणांच्या सहलीला तेवढी पुरते. पण एका बोटाने दिलेल्या त्या उत्तरात घरची आणखी किती माणसं येणार हे कळत नाही.

लिपीची बाबही महत्त्वाची. युनिकोड रुळण्याआधी एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी नाव दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उमटे. ती अडचण गेली, पण एकच माणूस एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये नाव भरतो आणि यादीत दोनदा मोजला जातो. प्रश्न मराठीत असले आणि नाव कोणत्या लिपीत हवं हे वर लिहिलं, तर हा घोळ बराच टळतो. संख्येच्या जागी फक्त अंक स्वीकारला जाईल अशी अट बहुतेक साधनांत घालता येते. ती घातलीच पाहिजे, नाहीतर ‘आम्ही सगळे’ असं उत्तर येतं आणि सगळे म्हणजे किती हे विचारायला पुन्हा फोन करावा लागतो. शेवटी एक मोकळी पेटी मात्र जरूर ठेवावी. चाकाच्या खुर्चीची गरज, पथ्य, उशिरा येण्याचं किंवा न येण्याचं कारण, हे सगळं तिथेच लिहिलं जातं, आणि आयोजकाने सर्वांत आधी वाचावं ते हेच.

कार्यक्रम आटोपल्यावरही ती यादी कोणाच्या तरी खात्यात तशीच राहते. त्यात शेकडो माणसांची नावं आणि फोन नंबर असतात. भारतात ऑगस्ट 2023मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्याचं मूळ तत्त्व. जेवणाचा आकडा काढायला घेतलेले नंबर पुढच्या वर्षीच्या वर्गणीसाठी किंवा प्रचारासाठी वापरणं या तत्त्वात बसत नाही. तेव्हा यादी कोण पाहू शकेल आणि ती कधी पुसली जाईल, हे दोन्ही फॉर्मच्या माथ्यावरच एका ओळीत लिहून टाकावं, म्हणजे भरणाऱ्याला नंबर देतानाच ते ठाऊक होईल.