दोन वर्षांचं काँट्रॅक्ट

२०२४ मध्ये तीन महिने ऑनसाईट हाँगकाँगला होतो. प्रोजेक्ट अगदी साधं. परदेशातून घरी पैसे पाठवायचं ॲप. त्यातला माझ्या वाट्याला आलेला तुकडा तर आणखीनच साधा: 'पैसे कशासाठी पाठवत आहात?' हा प्रश्न आणि त्याखालचा ड्रॉपडाउन. कुटुंबाचा खर्च, शिक्षण, औषधोपचार, बचत, इतर. एक निवडा, पुढे जा. आठवड्याभरात टेस्टिंगसकट खलास.

पहिल्याच रविवारी भटकायला म्हणून सेंट्रलला गेलो आणि चक्रावलोच. हाँगकाँगमधला हा सगळ्यात महागडा भाग. बँका, घड्याळांची दुकानं, काचेच्या इमारती. आणि त्या सगळ्यांच्या पायथ्याशी हजारो बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या! चेटर रोड गाड्यांना बंद, त्यावर बायका. स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये बायका. एचएसबीसीची ती नॉर्मन फॉस्टरने बांधलेली प्रसिद्ध इमारत आहे ना, १९८५ सालची, तिचा तळमजला मोकळा आहे, तर तिथेही बायकाच. कुणी डबे उघडून भात खातंय, कुणी पत्ते खेळतंय, कुणी मैत्रिणीची नखं रंगवतंय. मला वाटलं मोर्चाबिर्चा असावा. मोर्चा नव्हता, साप्ताहिक सुट्टी होती.

या बहुतेक फिलिपिनो. घरकाम करणाऱ्या परदेशी बायांची संख्या हाँगकाँगमध्ये २०२३ च्या अखेरीस साडेतीन लाखांच्या वर होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फिलिपिन्सच्या. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी 'घरी बसणे' हा प्रकारच नाही. घर दुसऱ्याचं, मग बसायचं कुठे? रस्त्यावर.

मी खांबाला टेकून बघत उभा होतो, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सर, हा कोपरा जरा धरता का?" पन्नाशीकडे झुकलेली एक बाई एका भल्यामोठ्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. धरला. मग पुढचे बारा रविवार मी तिथे जात राहिलो. तिच्या मैत्रिणी तिला 'आते' म्हणायच्या. टागालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण. मराठी कानाला ते आत्याच्या इतकं जवळचं वाटलं की मीही तेच म्हणू लागलो.

आते बातांगासची. २०१० साली आली तेव्हा धाकटा एक वर्षाचा होता आणि थोरली सात वर्षांची. काँट्रॅक्ट दोन वर्षांचं असतं. आतेचं सातवं चालू होतं.

आता थोडा इतिहास. कारण आते एकटी नाही, आणि हे आपोआप झालेलं नाही.

फिलिपिनो माणूस परदेशी कामाला जातो हे जुनंच आहे. १९०६ साली पहिली तुकडी हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेली होती. पण सरकारने स्वतः हा उद्योग हातात घेतला तो १९७४ साली. फर्डिनांड मार्कोसचा मार्शल लॉ चालू होता. १९७३ च्या तेलसंकटाने देशाचं कंबरडं मोडलेलं, परकीय चलन नाही, तरुणांना नोकऱ्या नाहीत. आणि तिकडे आखाती देशांत त्याच तेलाच्या पैशावर रस्ते, बंदरं बांधायला माणसं हवी होती. मग नवीन कामगार संहिता आली आणि तिच्यात परदेशी माणसं पाठवण्यासाठी सरकारी मंडळं आली. कल्पना अशी, की अर्थव्यवस्था रुळावर येईपर्यंतची ही सोय.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य फार ओळखीचं आहे. 'सध्या असं करूया, नंतर नीट करू.' असा लिहिलेला कोड दहा वर्षांनीसुद्धा प्रॉडक्शनवर चालू असतो, आणि तोपर्यंत त्यावर इतकं काही उभं राहिलेलं असतं की काढायची कुणाची टाप नसते. फिलिपिन्सचं तेच झालं. २००५ मध्ये परदेशातून आलेले पैसे वर्षाला १० अब्ज डॉलरच्या वर गेले, २०२३ मध्ये ३३ अब्जांच्या वर. आणि २०२१ साली तर परदेशी कामगारांसाठी स्वतंत्र मंत्रालय काढण्याचा कायदा झाला. सोयीला मंत्रालय मिळालं म्हणजे ती आता जात नाही, एवढं समजून घ्यायचं.

सुरुवातीला आखातात गेले ते मुख्यतः पुरुष. नंतर हाँगकाँग, सिंगापूरसारख्या शहरांत मध्यमवर्गीय बायका ऑफिसात जाऊ लागल्या आणि त्यांच्या घरी मुलं सांभाळायला कुणीतरी हवं झालं. त्या 'कुणीतरी'ची स्वतःचीही मुलं होती. ती कोण सांभाळणार, हा प्रश्न कुठल्याच सरकारच्या फॉर्मवर नव्हता.

सरकारचं लक्ष पैशाकडे मात्र बारीक. डिसेंबर १९८२ मध्ये मार्कोसने हुकूम काढला की परदेशातल्या कामगारांनी पगाराचा ठरावीक हिस्सा सरकारमान्य बँकेतूनच घरी पाठवायचा. घरकाम करणाऱ्यांनी निम्मा, खलाशांनी तर ८० टक्के. नाही पाठवला तर पासपोर्टचं नूतनीकरण नाही! जी बाई एरवीही पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतेच आहे, तिला हे सांगायचं. हाँगकाँगमधल्या बायका भडकल्या, संघटित झाल्या आणि १९८५ मध्ये त्यातली शिक्षेची कलमं मागे घ्यावी लागली. पुढे १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोरी अकिनो हाँगकाँगला आल्या आणि त्यांनी या बायकांना नवं नाव दिलं, 'बागोंग बायानी'. म्हणजे नवे वीर. मी आतेला विचारलं, कसं वाटतं हे ऐकून? ती म्हणाली, "विमानतळावर बरं वाटतं."

१९९५ हे साल मात्र कुठलाही फिलिपिनो माणूस विसरणार नाही. फ्लोर कोंतेम्प्लासियोन ही चार मुलांची आई, सिंगापूरमध्ये घरकाम करायची. दुसरी एक फिलिपिनो कामकरी बाई आणि तिच्या देखभालीतला चार वर्षांचा मुलगा यांच्या खुनाबद्दल तिला १७ मार्चला फाशी झाली. ती दोषी होती की नाही यावर फिलिपिन्समध्ये प्रचंड वादळ उठलं, दोन्ही देशांचे संबंध बिघडले. त्याच जूनमध्ये परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात एक कलम आहे, की आर्थिक वाढ टिकवण्याचं साधन म्हणून सरकार परदेशी नोकरीचा पुरस्कार करत नाही. आणि माणसं जातच राहिली.

हे सगळं वाचताना मला आमच्या घरातलीच एक गोष्ट आठवत होती. माझे पणजोबा कोकणातून मुंबईला गिरणीत आले. महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला घरी. अख्खं कोकण त्या मनीऑर्डरींवर जगलं असं आपण सहज म्हणतो. मी आतेच्या कुटुंबाला हेच गणित लावत होतो. पण त्यात एक मोठा फरक आहे. पणजोबा गेले तेव्हा मागे पणजी होती. चूल, गोठा, पोरांची आजारपणं सगळं जिथल्या तिथे होतं. बाप गेला तर घर ओढाताणीत चालतं. आई गेली की तिची कामं कुणी उचलायची?

समाजशास्त्रज्ञ र्‍हासेल पारेन्यास यांनी या मुलांवर २००५ साली एक पुस्तकच लिहिलं. बाप बहुतेक वेळा आईची कामं उचलत नाहीत असं त्यांना दिसलं. ती जातात मावश्यांकडे, आजीकडे, थोरल्या मुलीकडे. आणि तरीही आईची सुटका नाही. परदेशी गेलेल्या बापाने पैसे पाठवले की त्याचं कर्तव्य झालं. आईने मात्र पैसे पाठवायचे आणि आईपणही करायचं. लांबून.

लांबून आईपण करायचं म्हणजे नेमकं काय, हा यातला मला सगळ्यात भिडलेला भाग. पूर्वी पत्रं असत आणि कॅसेटी. टेपरेकॉर्डरसमोर बसून तासभर बोलायचं आणि गावी जाणाऱ्या मैत्रिणीबरोबर ती कॅसेट पाठवायची. मग फोनकार्डं आली, मिनिटं मोजत बोलायचं. पुढे एसएमएस आला आणि फिलिपिन्स त्याच्या अक्षरशः प्रेमात पडलं. मोबाईलवरून पैसे पाठवायचं जीकॅश त्यांनी २००४ मध्ये सुरू केलं, आपल्या यूपीआयच्या बारा वर्षं आधी. आणि आता व्हिडिओ कॉल. मी स्वतः याच क्षेत्रातला, त्यामुळे माझी समजूत अशी होती की व्हिडिओ कॉल आला म्हणजे प्रश्न बराचसा सुटला.

आतेचा रविवार बघितला आणि ती समजूत ढिली झाली. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. पलीकडे बातांगासचं स्वयंपाकघर. बहिणीला सांगणं चालू, की तांदूळ कुठल्या दुकानातून घे. मग धाकटा आला. गणितात किती? क्लासला दांडी का? तो उत्तरं देत होता पण डोळे दुसरीकडे, पंधराव्या वर्षी असतात तसे. समोर असती तर तिने एव्हाना कान धरला असता. इथे तिने आवाज चढवला, तर त्याने 'सिग्नल जातोय' म्हणून फोन ठेवून दिला! सिग्नल उत्तम होता. आते पण हसली, मी पण हसलो. मग ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

खोक्याचं आता सांगतो. त्याला म्हणतात 'बालिकबायान बॉक्स'. बालिकबायान म्हणजे मायदेशी परतणारा. माणूस परतू शकत नाही तेव्हा हे खोकं जातं, बोटीने. साबण, कॉफी, टिनमधलं मांस, चॉकलेटं, टॉवेल, बूट. यातल्या बऱ्याच गोष्टी आज फिलिपिन्सच्या कुठल्याही मॉलमध्ये मिळतात. मग पाठवायच्या कशाला? हा प्रश्न मी विचारला आणि विचारता क्षणी मूर्खपणा लक्षात आला. माझी आई पुण्यात सगळं मिळत असताना बॅगेत लाडू कोंबतेच की. २०१५ मध्ये फिलिपिन्सच्या कस्टमने ही खोकी उघडून तपासायचं ठरवलं तेव्हा जगभरच्या फिलिपिनो लोकांनी असा गदारोळ केला की राष्ट्राध्यक्षांनाच ते थांबवावं लागलं.

आतेने पहिल्या वर्षी धाकट्याला बूट पाठवले. बहिणीने कागदावर बाळाचं पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आणि तो कागद एका मैत्रिणीबरोबर पाठवला. आतेने बरोबर त्या मापाचे बूट घेतले. पण खोकं भरायला वेळ लागला, बोटीला वेळ लागला. बूट पोचेपर्यंत ते होईनात! तेव्हापासून ती कळवलेल्या मापापेक्षा एक नंबर मोठा घेते. चौदा वर्षं. आता तो फोनवर नंबर सांगतो, तरीसुद्धा.

या चौदा वर्षांत तिला हाँगकाँगने काय दिलं? पगार दिला, हे खरंच. २०२४ मध्ये किमान पगार महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर ठरला होता. बातांगासमध्ये तिला एवढे कुणी दिले नसते, आणि घरावर पक्कं छप्पर त्याच पैशाचं. पण काम सुटलं की दोन आठवड्यांत देश सोडायचा, हा नियम १९८७ पासून आहे. आणि इतर परदेशी लोकांना सात वर्षांनी कायम राहण्याचा हक्क मागता येतो, तो यांना नाही. १९८६ पासून तिथे राहणारी एक बाई यासाठी कोर्टात गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यांचं राहणं इतक्या अटींनी बांधलेलं आहे की त्याला 'सामान्य वास्तव्य' म्हणता येत नाही. सत्तावीस वर्षं, पण वास्तव्य नाही. म्हणजे तिकडेही तात्पुरती आणि इकडेही.

शेवटच्या रविवारी मी आतेला आमचं ॲप दाखवलं. मला वाटलं वेगाचं कौतुक करेल. तिने माझा ड्रॉपडाउन उघडला, पाचही पर्याय वाचले आणि विचारलं, "यातला एकच का निवडायचा?" तिने त्या दिवशी पाठवलेल्या पैशात तांदूळ होता, थोरलीची फी होती, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ती दरवेळी नुसतं पहिलं टिचकवते, म्हणाली. मग म्हणाली, फी परस्पर कॉलेजला जाईल असं करता येईल का? बहिणीवर विश्वास आहे, पण फी भरल्याची पावती आपल्या नावाने यावी असं वाटतं. आईने भरली, असं.

परत आल्यावर मी त्याचं तिकीट टाकलं. 'लो प्रायॉरिटी' म्हणून ते अजून बॅकलॉगमध्ये आहे. दर स्प्रिंटला मी ते वर ढकलतो आणि कुणीतरी खाली ढकलतं.

आतेचं सातवं काँट्रॅक्ट संपलं, तेव्हा तिचा मेसेज आला होता. आठवं केलं. थोरलीचं नर्सिंगचं एक वर्ष उरलंय, तेवढ्यापुरतंच. मी विचारलं, नर्सिंग झाल्यावर थोरली काय करणार?

तिने लिहिलं, "कॅनडा."